पाहुण्यांचं कपाट

मिस्त्रीच्या घरी पहिला पाहुणा आला तो थेट अंड्यांच्या ट्रेमध्ये बसला, आणि मिस्त्रीनं सकाळी चष्मा न लावता तो तव्याच्या कडेवर आपटून फोडायला घेतला. तव्याला पोचा आला. पाहुण्याला काही झालं नाही. आवाज ऐकून बायको धावत आली. तिनं तो काळाभोर, अंड्यापेक्षा जरा लहान दगड त्याच्या हातातून काढून घेतला, आधी दगडाकडे बघितलं, मग तव्याकडे, आणि सगळ्यांत शेवटी नवऱ्याकडे.

"अहो, काय करताय हे? आकाशातून पडलाय तो!"

"आकाशातून पडून फुटला नाही, तो माझ्या तव्यानं काय फुटणार," असं म्हणून मिस्त्रीनं दुसरं अंडं घेतलं. या वेळी चष्मा लावून.

मिस्त्री सुतार होता. सगळी गल्ली त्याला मिस्त्रीच म्हणायची. बायको चष्म्यांच्या दुकानात भिंगं घासायची, आणि दुकानातल्या लोकांनी चेष्टेत ठेवलेलं भिंगबाई हे नाव तिला कायमचं चिकटलं होतं. एका गिऱ्हाइकानं तिला विचारलं होतं, माझ्याकडे एक अशनी आहे, तो कापून त्याची एक बाजू घासून आरशासारखी करून द्याल का? आकाशात जळत जाते ती उल्का आणि जमिनीपर्यंत पोचतो तो अशनी, एवढंही तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. दगड म्हणजे काच नव्हे, पण घासणं ते घासणंच, म्हणून तिनं हो म्हटलं. काळी साल गेली तसं खालून राखाडी अंग उघडं पडलं. त्यात मोहरीएवढे गोल गोल दाणे होते आणि दाण्यांच्या मधून लोखंडाचे ठिपके चमकत होते. "हे दाणे पृथ्वी जन्माला यायच्या आधीचे आहेत," गिऱ्हाईक म्हणालं, आज बस उशिरा आली म्हणावं तितक्या सहज. भिंगबाईनं ती बाजू पुसली, पुन्हा पुसली, आणि त्या दिवसापासून बाई कामातून गेली. मजुरी म्हणून तिनं कापून उरलेला तुकडा तेवढा मागून घेतला. घरात मऊ खळगे असलेली वस्तू एकच होती, अंड्यांचा ट्रे. म्हणून तो तिथे.

अशा हौशी लोकांची आपसांत मोठी ओळखदेख असते. अमक्या दुकानात एक बाई दगडाची बाजू घासून आत बघायला खिडकी काढून देते, हे एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं दहा जणांना, आणि पोस्टानं खोकी यायला लागली. कापून घासून द्या, उरेल तो तुकडा तुमचा. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी घराची गत झाली. बुटांची खोकी भरली, मोज्यांचा खण भरला, पलंगाखालच्या पेटीतले जुने स्वेटर बाहेर पडले आणि त्यांच्या जागी कापसात गुंडाळलेले काळे तुकडे गेले. लेक रविवारी माहेरी आली आणि चहा करायला उभी राहिली, तर साखरेच्या डब्यात हा एवढा दगड.

"आई, साखर कुठाय?"

"औषधांच्या डब्यात. आणि त्या दगडाला ओला हात लावू नकोस."

"मग औषधं कुठायत?"

यावर मिस्त्री आणि भिंगबाई दोघांनी एकमेकांकडे बघितलं. औषधं कुठे आहेत ते त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

दगडांना पाहुणे हे नाव मिस्त्रीनंच दिलं. लांबून आलेत, न कळवता आलेत, जायचं नाव काढत नाहीत आणि घरातली सगळ्यांत कोरडी जागा त्यांना पाहिजे. संध्याकाळी तो वर्तमानपत्र घेऊन बसला की भिंगबाई शेजारी येऊन बसायची आणि एकेक पाहुणा हातात घेऊन त्याची ओळख करून द्यायची. हा दगडी, हा निम्मा दगड निम्मा धातू, आणि हा बघा, हा नुसतं लोखंड, एका फुटलेल्या छोट्या ग्रहाच्या पोटातलं. मिस्त्री "हं" म्हणायचा आणि पान उलटायचा. पालथ्या घड्यावर पाणी. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या डोक्यात जन्मभर लाकूड भरलेलं होतं आणि दुसऱ्या कशाला तिथे जागा नव्हती. त्याच्या लेखी ते सगळे दगड होते, काही हलके, काही जड.

मग त्याचे अंगठे गेले. दोन्ही हातांच्या अंगठ्यांची मुळं झिजली होती, पटाशी धरली की कळ थेट कोपरापर्यंत जायची. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं, आता मोठं काम घेऊ नका, नाहीतर शर्टाची बटणंही दुसऱ्यानं लावायची वेळ येईल. मिस्त्रीनं घरी येऊन कारखान्याचं कुलूप काढलं आणि मागच्या भिंतीला टेकवलेल्या फळ्यांवरचं फडकं ओढलं. जुन्या ओकाच्या फळ्या होत्या, एका पाडलेल्या गोदामाच्या जमिनीच्या. उमेदीत मिळालेल्या, आणि त्यांच्या तोलाचं काम येईल म्हणून राखून ठेवलेल्या. तसं काम कधी आलं नव्हतं. लोकांना काय, टीव्हीखाली ठेवायला खोकं हवं असतं.

"एक काम करतो," तो बायकोला म्हणाला. "शेवटचं. तुझ्या पाहुण्यांसाठी कपाट."

ते कपाट ज्यांनी बघितलं ते अजून त्याबद्दल बोलतात. बाहेरच्या खोलीची एक अख्खी भिंत त्यानं घेतली. खाली उथळ खण, एकावर एक, बोटानं ढकलले तरी सरकणारे. वर काचेची दारं आणि काचेमागे फळ्या, आणि फळ्यांच्या कडेला असे दडवलेले बारीक दिवे की उजेड दिसावा, दिवा दिसू नये. प्रत्येक पाहुण्यासाठी त्यानं ओकाचीच बैठक घडवली. दगडाखाली कागद धरून आकार काढायचा, मग पटाशीनं खळगा पाडायचा, मग दगड बसवून बघायचा, मग पुन्हा एक केसभर खरवडायचं. अंगठे ठणकायचे तेव्हा गरम पाण्यात धरून बसायचा आणि पुन्हा लागायचा. रंध्यातून निघणाऱ्या ढलप्यांना आंबूस वास सुटायचा आणि त्या वासानं त्याला भूक लागायची. सगळे स्क्रू पितळेचे. ते सांगायलाच नको. ओकात लोखंडी स्क्रू घालणारा सुतार नव्हे, गुन्हेगार, असं त्याचा उस्ताद म्हणत असे.

पाहुणे आपापल्या जागी बसले आणि दिवे लागले तेव्हा भिंगबाई खुर्चीत बसली ती उठेचना. लेक म्हणाली, "आई, देवळात बसल्यासारखी काय बसलीस?" काळ्या सालींवर हवेत वितळल्याच्या बारीक वळ्या दिसत होत्या. निम्मा दगड निम्मा धातू होता त्याची पातळ चकती दिव्यापुढे उभी केली होती आणि तिच्यातले हिरवट पिवळे खडे आतून पेटले होते. मधल्या फळीवर थोरला. थोरला म्हणजे संग्रहातला सगळ्यांत जड, नुसतं लोखंड, वीतभर रुंद, बोटांनी दाबल्यासारखे खळगे अंगावर. शेजारीपाजारी यायचे, आधी दगडांकडे बघून "बाप रे" म्हणायचे आणि मग कपाटावरून हात फिरवायचे. मिस्त्री दाराशी उभा राहून तो फिरणारा हात बघायचा. दगडांकडे कोण बघतंय याच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हतं.

पहिली हिवाळी ओल आली आणि एका पाहुण्याच्या अंगावर तांबूस थेंब दिसला. घाम आल्यासारखा. भिंगबाईनं तो टिपला. दोन दिवसांनी तिथे पुन्हा थेंब, आणि शेजारच्यावरही. मग साल पोपडे धरू लागली. ज्या बाजू तिनं आरशासारख्या घासल्या होत्या त्यांच्यावर गंजाची नक्षी चढली.

"माझेच हात," ती म्हणाली. "मला घाम जास्त येतो. मीच उगाच सारखी हाताळते."

तिनं हातमोजे घातले. मिस्त्रीलाही राहवेना. बाहेरची दमट हवा आत जाते म्हणून त्यानं दारांच्या कडांना रबराच्या पट्ट्या बसवल्या, खणांच्या फटी बुजवल्या, मुंगी शिरणार नाही असं कपाट बंद केलं. बुटांच्या खोक्यांत येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या तिनं आत ठेवल्या. आजार दुप्पट झाला. थोरल्याच्या खालच्या अंगाला तर पापुद्रे सुटले, आणि बैठकीतून उचलताना भुगा पडायला लागला. साडेचार अब्ज वर्षं जे टिकलं ते मिस्त्रीच्या बाहेरच्या खोलीत वर्षभरात विरत चाललं होतं.

एके दिवशी जेवताना भिंगबाई म्हणाली, "मी संग्रहालयात फोन केला होता. त्यांच्या बाई पुढच्या आठवड्यात बघायला येतायत. सगळे देऊन टाकते."

"सगळे?"

"आपल्याच्यानं होत नाही हो. जीव घ्यायचा का त्यांचा?"

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. तिनं ताट उचललं आणि नळ सोडला. नळ बराच वेळ वाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर तो थोरल्याच्या खालचा खण अडकत होता तो बघायला बसला. एवढंच काय ते आपल्या हातचं, असं मनाशी म्हणत त्यानं थोरल्याला दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर ठेवलं, बैठक काढली आणि उजेडाकडे वळवली. खळग्यात जिथे जिथे थोरला टेकत होता तिथे तिथे ओक निळसर काळा पडला होता.

तो डाग मिस्त्रीनं झोपेतही ओळखला असता. जुन्या दारांत कुणा अडाण्यानं लोखंडी खिळा मारलेला असला की खिळ्याभोवती नेमका असाच डाग पडतो. ओकाच्या अंगात आंबट असतं. ते लोखंडाला खातं, आणि खाताखाता स्वतःही काळं पडतं. उस्तादानं पहिल्या महिन्यात शिकवलेली गोष्ट. म्हणून तर पितळ. त्यानं खणाच्या आत बॅटरीचा झोत टाकला. सगळे स्क्रू पिवळेधमक होते, काल लावल्यासारखे, आणि त्यांच्या शेजारी पाहुणे गंजून रडत होते.

पितळ त्यानं स्क्रूंसाठी शोधून आणलं. आणि पोटात भरलं लोखंड. कारण बायको कितीही वर्षं "हे लोखंड आहे" म्हणत असली तरी त्याच्या कानांनी दगडच ऐकला होता. वर रबराच्या पट्ट्या लावून त्यानं त्या आंबट वाफेला बाहेर जायची वाटही बंद केली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मिस्त्री तिथेच जमिनीवर बसून राहिला आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

लाज वाटली म्हणून लगेच तोंड उघडतं असं मात्र नाही. संध्याकाळी भिंगबाई आली, त्यानं चहा केला, आणि काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याच्या मनात जे आलं ते सांगायलाच हवं. त्याच्या मनात आलं, पुढच्या आठवड्यात पाहुणे जाणारच आहेत. गेले की आजार संपेल, कुणी काही विचारणार नाही, आणि कपाट राहील. ह्या अंगठ्यांनी आता दुसरं होणार नाही. आत पुस्तकं ठेवता येतील, काचेची भांडी ठेवता येतील. आणि एकदा हे मनात आल्यावर चोराच्या मनात चांदणं, तसं त्याला प्रत्येक गोष्टीत टोमणा दिसायला लागला. लेकीनं फोनवर सहज विचारलं, "बाबा, कपाट कसंय?" तर तो खेकसला, "कपाटाला काय धाड भरलीय?"

संग्रहालयातल्या बाई यायच्या दोन दिवस आधी भिंगबाईनं सुट्टी घेतली. थोरला असा गंजका पाठवायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. एक बाजू तरी घासून, स्वच्छ करून द्यायची. दुपारी मागच्या खोलीत तिनं घासायचं चाक लावलं आणि हाक मारली, "अहो, जरा धरता का? मला एकटीला पेलत नाही."

मिस्त्रीनं थोरल्याला दोन्ही तळव्यांत धरलं. अंगठे बाजूला ठेवून, नुसत्या तळव्यांनी. चाक फिरलं, तांबडं पाणी वाहिलं, मग राखाडी, आणि मग पाणी स्वच्छ झालं. गंजाखालून धातू वर आला. भिंगबाईनं चाकं बदलली, खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ, भिंगाला करतात तशी. शेवटी त्या सपाट बाजूत मिस्त्रीला स्वतःचं तोंड दिसलं, दाढी न केलेलं.

"झालं की," तो म्हणाला.

"अजून कुठे? आता बघा."

तिनं खिडकी उघडली, हातमोजे चढवले, आणि पाणी घालून सौम्य केलेलं तेजाब ब्रशनं त्या आरशावर फिरवलं. एकदा, दोनदा. आधी काहीच नाही. मग मिस्त्रीचं तोंड धुरकट झालं, आणि त्याच्या तोंडाच्या जागी रेघा उमटायला लागल्या. एक पट्टी, तिला तिरकी छेदणारी दुसरी, त्यांना छेदणारी तिसरी. कुठे रुंद, कुठे सुईसारख्या, सगळ्या सरळ, सगळ्या ठरलेल्या कोनांत, कडेपासून कडेपर्यंत. थोरला हलवला की एक पट्टी उजळायची आणि तिची शेजारीण काळवंडायची. मिस्त्रीनं जन्मभर सांधे जुळवले होते, असा एकही सांधा त्याच्या हातून झाला नव्हता.

"हे कुणी कोरलं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. लोखंड थंड होताना अशीच घडी बसते. पण फार हळू थंड व्हायला लागतं. अख्ख्या ग्रहाचं पांघरूण असलं तर. एक अंश उतरायला हजारो वर्षं, कधी लाखो."

"एक अंश?"

"एक. आणि असे शेकडो अंश उतरले तेव्हा या रेघा झाल्या. भट्टीत करू म्हटलं तर होत नाही. तेवढा वेळच कुणाकडे नाही."

मिस्त्री लाकडातलं वय वाचणारा माणूस. एक वर्तुळ म्हणजे एक वर्ष. एकदा तीनशे वर्षांच्या खोडाचा छेद त्याच्या हातात आला होता तेव्हा त्यानं टोपी काढली होती. आता त्यानं नखाच्या जाडीची एक पट्टी शोधून तिच्यावर नजर ठेवली आणि तिच्यात किती झाडं मावतील याचा हिशेब लावायला गेला. किती जंगलं मावतील. माणसं नव्हती, झाडं नव्हती, ज्या जमिनीवर तो उभा होता ती जमीन निवत होती, आणि ही रेघ तेव्हा कुठेतरी अंधारात सावकाश, कुणी बघत नसताना, नीटनेटकी होत होती. आणि मग ती फुटून, भटकून, जळून त्याच्या घरी आली होती. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यानं थोरल्याला, ओली बाजू वर ठेवून, पोटाशी घेतलं. एवढी वर्षं हे शेजारी बसून ती सांगत होती, आणि आपण वर्तमानपत्र वाचत होतो. काय होतं त्या वर्तमानपत्रात?

"अगं," तो म्हणाला, "तुझ्या हातांचा काही दोष नाही. कपाट आहे ते. माझं लाकूड खातंय यांना. ओक लोखंडाला खातो, मला हे पोर होतो तेव्हापासून माहितीय. कुंपणानंच शेत खाल्लं. मला चार दिवसांपूर्वी कळलं आणि मी गप्प बसलो."

भिंगबाईचा ब्रश थांबला नाही. तिनं उरलेला कोपरा पुरा केला, वर स्वच्छ पाणी ओतलं, मग स्पिरिट ओतलं, आणि म्हणाली, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"कपाटाचं. तुम्ही रबर लावलंत ना, त्यानंतर मी एक तुकडा मुद्दाम काचेच्या बरणीत ठेवला. याच घामट हातांनी. तो अजून धडधाकट आहे."

"वर्ष होत आलं त्याला! आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू?" आता तिनं हातमोजे काढले. "डॉक्टरांकडून येताना बसमध्ये तुम्ही दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसला होतात. आठवतंय? मला वाटलं हा माणूस आता असाच बसून राहणार. आणि मग तुम्ही ते कपाट केलंत. शेजारची माणसं हात फिरवतात तेव्हा तुमचं तोंड कसं होतं ते तुम्हाला दिसत नाही, मला दिसतं. दगडांना काय, कुणीही सांभाळेल. संग्रहालयात राहतील मजेत. तुमचे हात मी कुठल्या संग्रहालयात ठेवू?"

मिस्त्रीला रडू आलं आणि त्याचा त्याला राग आला, म्हणून तो ओरडला, "म्हणून हे देऊन टाकत होतीस? हे? माझ्या चार फळ्यांसाठी?"

"फळ्यांसाठी कोण देतंय!" तीही ओरडली. भांडण तिथेच थांबलं, कारण थोरला अजून ओला होता आणि तो आधी कोरडा करणं भाग होतं. तिनं फडकं घेतलं, त्यानं धरून ठेवलं. नंतर मंद ओव्हनमध्ये तो गरम करत ठेवला आणि दोघं ओव्हनच्या काचेसमोर स्टुलं ओढून बसली.

त्या संध्याकाळी मिस्त्रीनं कपाट रिकामं केलं. तिला हात लावू दिला नाही. कारखान्याच्या शेजारी बुटांचं दुकान बंद पडत होतं, तिथले लोखंडी रॅक तो मागून घेऊन आला. जो माणूस लोखंडी रॅकला आयुष्यभर फर्निचर म्हणायला तयार नव्हता, तोच ते पुसत होता, पाय समतल करत होता आणि वर काचा टाकत होता. लेक आली, घट्ट झाकणांच्या बरण्या आणि काचेचे वाडगे घेऊन. प्रत्येक पाहुण्याखाली काच, वर पालथी काच, बाजूला ओल शोषणारी पुडी. बाहेरची खोली एखाद्या प्रयोगशाळेसारखी दिसायला लागली, आणि खरं सांगायचं तर जरा कुरूपच. कपाट लेकीनं मागितलं, तिच्या चादरी आणि कपड्यांसाठी. ते न्यायला आलेली माणसं म्हणाली, काय काम आहे हो! मिस्त्री "हं" म्हणाला आणि त्यांना दारातून कोपरा कसा वळवायचा ते सांगू लागला. कपाट गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तो बघत राहिला, नाही असं नाही. दुखायचं ते दुखलंच.

संग्रहालयातल्या बाई ठरल्याप्रमाणे आल्या. भिंगबाईनं दारातच सांगितलं की माफ करा, बेत बदलला, पण आलाच आहात तर चहा घ्या. चहा आणायला ती आत गेली, आणि बाई शिष्टाचार म्हणून रॅकपाशी उभ्या राहिल्या.

भिंगबाई ट्रे घेऊन परतली तर मिस्त्री बोलत होता. थोरल्यावरची काच त्यानं उचलली होती, बाईंना खाली वाकायला लावलं होतं, आणि तो थोरला खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवत होता. "ही पट्टी बघा, आता विझली, आता शेजारची पेटली. एक अंश उतरायला हजारो वर्षं, बाई. घाई नाही कसली. आणि हा इकडे या, हा निम्मा दगड निम्मा लोखंड, याच्यातून उजेड जातो. आणि हे दाणे, हे तर सूर्याच्याही आधीचे." ते सूर्याच्या आधीचे नव्हते, पृथ्वीच्या आधीचे होते. भिंगबाईला ते माहीत होतं, बाईंनाही बहुधा माहीत होतं. भिंगबाई ट्रे हातात घेऊन दाराशी उभी राहिली, चहा निवला तरी.

बऱ्याच वेळानं बाई सरळ झाल्या आणि मिस्त्रीला म्हणाल्या, "फारच सुंदर आहे सगळं. किती वर्षं जमवताय तुम्ही हे?"

"मी नाही. जमवले हिनं," मिस्त्री म्हणाला. "मी परवापासून बघायला लागलोय."